घटापुढचा दिवा कोण विझवतं?

"गेला! पुन्यांदा गेला दिवा!"

मिरजगावजवळच्या त्या वाडीत आक्काबाईच्या दाराशी एकच झुंबड उडाली. दुष्काळी कामावरून दमून आलेली माणसंही भाकरी टाकून धावली. ऐन नवरात्रात घटापुढचा अखंड दिवा रोज संध्याकाळी विझत होता.

"दार उघडा! बाधेला वाट द्या!" भिमाजी देवऋषी घुमत ओरडला. दार उघडलं, दिवा पुन्हा लावला, ज्योत ताठ उभी राहिली. लोकांनी हात जोडले. भिमाजी म्हणाला, "सून चुलीपुढं बसली की दिवा जातो. उद्या हिला म्हायेरी घाला, कायमची!"

सून मनकर्णा रडत होती. नवरा मान खाली घालून उभा.

शाळेतल्या रंगनाथ गुरुजींचं डोकंच फिरलं. या गावाला शिकवून शिकवून घसा कोरडा पडला, आणि इथं एका पोरीचा संसार मोडायला निघालेत!

"आक्काबाई, दार कधी लावता?"

"दिवेलागणीला. दिव्याला वारं लागू न्हाई म्हनून."

"आणि चूल?"

"तवाच की. सून पेटवती."

गुरुजींनी मनकर्णाला अंगणात पाठवलं, आक्काबाईला चुलीपुढं बसवलं आणि दार लावलं. चूल धडधडली. ज्योत लवली, फडफडली, गेली.

"आता तुम्हाला कुठल्या माहेरी धाडायचं, आक्काबाई?"



गुरुजींनी उदबत्ती पेटवून भिंतीकडेनं फिरवली. धूर सरळ वर जात होता. घटामागच्या कोपऱ्यात मात्र तो एकदम आडवा झाला. तिथं उंदराचं बीळ होतं, थेट बाहेरपर्यंत.

"चुलीची गरम हवा धुराड्यातून वर जाते. तिच्या जागी बाहेरची आत शिरते. दार उघडं असलं तर दारातून, सावकाश. दार लावलं की या बिळातून, दिव्यावर! भिमाजी, तू मूळचा गवंडी. तुला कळलं नव्हतं?"

"बीळ बी बाधेनंच पाडलं," भिमाजी पुटपुटला. दोघातिघांनी चक्क माना डोलावल्या! गुरुजींनी कपाळावर हात मारला. मग त्यांनी स्वतःच चिखलाचा गोळा बिळात बसवला आणि दार किलकिलं ठेवलं. चूल पेटती होती, दिवाही.

"ये बाई आत," आक्काबाई खालच्या आवाजात म्हणाली.

मनकर्णा उंबऱ्यातच थांबली. "त्या कोपऱ्यात वारं लागतंय, मला रोज कळत हुतं. पन मला कुनी इचारलंच न्हाई."

बाबांनो, दिवा विझला तर आधी भिंत चाचपा, घरच्या माणसाला विचारा. हात जोडायला नंतर वेळच वेळ आहे.