ओब्रादची फिचा कोपऱ्यावर का बंद पडते

चाळीस वर्षं मी गाड्यांच्या वायरींत बोटं भाजून घेतली, पण माझ्या शेजारच्या ओब्रादच्या फिचा गाडीइतकं वेड्यात मला कुणी काढलं नाही. गाडी एवढीशी, वयानं माझ्या थोरल्या मुलाएवढी, इंजिन मागच्या झाकणाखाली. दर रविवारी ओब्राद इस्त्रीचा सदरा घालून निघायचा आणि शंभर पावलांवर, गल्लीच्या कोपऱ्यात, ती दोनदा खोकून गप्प व्हायची.

जायचं होतं द्रिना नदीपलीकडे, पेर्सिदाकडे. एकसष्टाव्या वर्षी गड्याला मागणी घालायची होती. बसनं जा म्हटलं की फणकारायचा, "मागणी घालायला बसनं जातात का, वुकोता?" तिसरा रविवार हुकला तेव्हा पेर्सिदानं फोनवर सांगून टाकलं, "तीनदा तुझं ताट मांडलं. पुढच्या रविवारी आला नाहीस तर पुन्हा मांडणार नाही."

बरं, खोट सापडावी ना! गाडी बंद पडली की शेजारी आधी आम्हाला घरची दारू, राकिया, पाजायचे, सांत्वन म्हणून. मग आम्ही ती ढकलत माझ्या गॅरेजात आणायचो. तिथं मी किल्ली फिरवली की बया पहिल्या झटक्यात सुरू! मी पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला, कॉइल बदलली, प्लगच्या वायरी नव्या घातल्या. ठिणगी तर अशी निळीशार की बघत राहावं.

"खोट तुझ्या पायात आहे, क्लच नीट सोड!" मी ओरडलो.

"आणि तुझ्या डोळ्यांत!" तो ओरडला. सोमवार ते गुरुवार आमचा अबोला.

चौथ्या रविवारी मी ठरवलं, निघतानाच झाकणाला कान लावायचा. गाडी फाटकातून बाहेर पडली, मी कमरेत वाकून तिच्या मागोमाग. आणि माझ्या डोक्यावर धबाक्कन गार पाणी!

मागं ओब्रादची बहीण स्तामेना उभी, हातात धुण्याचा रिकामा टब.

"अगं बाई! मिस्त्री, तुम्ही मध्ये कुठं आलात?"

जाणाऱ्याच्या मागं पाणी ओतायचं, म्हणजे त्याचं काम पाण्यासारखं सरळ वाहतं. आमच्याकडे कोण ओतत नाही? पण मी पाहिलं, तेच पाणी झाकणाच्या फटींतून आत गळत होतं.

"पहिल्या रविवारी किती ओतलंस?"

"पेलाभर. पण गाडी बंद पडली ना, म्हणून दुसऱ्यांदा तांब्याभर. मग बादली. आज म्हटलं, कसर नको."

आज गाडी कोपऱ्याआधीच खोकली आणि मेली. मी झाकण उघडलं. डिस्ट्रिब्युटर न्हाऊन निघालेला, करंट प्लगाकडे जायचा सोडून ओलाव्यावरून उंडारत होता. राकिया पिऊन होईस्तोवर तापल्या इंजिनावर सगळं वाळायचं. जखम मांडीला आणि मी मलम लावत होतो शेंडीला! मी रस्त्यातच फतकल मारली आणि पोट दुखेपर्यंत हसलो.

"मला काय ठाऊक इंजिन मागं असतं?" ती म्हणाली. "मी नेहमी पुढं बसते! पण कोरडा जाऊ देणार नाही हं. माझा भाऊ मागणी घालायला चाललाय." तिचे डोळे भरून आले. मला इतकी माया आली त्या बाईची, की राग धरवेना.

"ओत," मी म्हणालो. "गाडी उलटी नेऊ. मग नाक मागं येतं. नाकावर हवं तेवढं ओत!"

ओब्रादच्या इस्त्रीच्या सदऱ्याचं टोक ओढून मी डिस्ट्रिब्युटर कोरडा केला, कारण माझा सदरा पिळण्याजोगा होता. चार शेजाऱ्यांनी फिचा उचलून जागच्या जागी फिरवली. एक वाजून गेला होता, जेवणाची वेळ टळत होती. ओब्रादनं उलटा गिअर टाकला, मी शेजारी बसलो, स्तामेनानं भरला टब पुढच्या दिव्यांवर रिता केला, आणि आम्ही पाठमोरे सुटलो. कोपरा आला. कोपरा गेला! अख्खी गल्ली भांडी वाजवत होती, आणि मी, साठी उलटलेला माणूस, खिडकीतून हात काढून किंचाळत होतो.

हमरस्त्याच्या तोंडाशी बस थांबली आणि तिच्यातून पेर्सिदा उतरली. हातात फडक्यानं झाकलेली थाळी.

"म्हटलं, ताट मांडून किती बसायचं? ताटच घेऊन यावं," ती म्हणाली. "ती गाडी बंद कर आधी, काही ऐकू येत नाही."

"नाही करणार!" ओब्राद ओरडला. "पुन्हा सुरू नाही झाली तर? पेर्सिदा, लग्न करशील माझ्याशी?"

"काय?"

"लग्न! माझ्याशी!"

"मोठ्यानं बोल की!"

तो खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आला आणि असा ओरडला की बसचा ड्रायव्हरसुद्धा "हो म्हणा, बाई!" म्हणाला.

"ऐकू पहिल्यांदाच आलं होतं," पेर्सिदा म्हणाली. "करीन."

ओब्रादनं किल्लीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि गाडी बंद केली.