कीपरची पँट

“ही बघ कंबर! या वर्षात दुसऱ्यांदा सैल करतोय. उद्या हा यष्टींमागे खाली बसला, तर उठवायला दोन माणसं लागतील!” शिंप्याने पांढरी पँट बायकोसमोर नाचवली.

बायको शर्टाची काजं करत होती. तिने मान वर केली नाही. “मग?”

“मग काय? कीपरच असा म्हटल्यावर आपला क्लब फायनल हरणार. मी समोरच्यांवर लावतो. घड्याळवाला एकाचे तीन देतोय.”

“किती लावणार?”

घोडं इथेच पेंड खात होतं. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे घड्याळं कमी आणि पैजा जास्त चालत. शिंप्याचा आजवरचा नियम साधा होता: पैजेवर एका पँटच्या ऑल्टरेशनची मजुरी लावायची, वर छदाम नाही. गेली तर एक पँट फुकट दुमडली म्हणायचं आणि झोपायचं. पण या वेळची खबर खुद्द मोजपट्टीने दिली होती. शिवाय कपाटात मोटरच्या मशीनसाठी साठवलेले पैसे होते, आणि अजून तेवढेच साठायचे होते. पायमशीन मारून मारून त्याचा उजवा गुडघा कामातून गेला होता. जिना चढताना गुडघा कुरकुरायचा आणि गुडघ्यापेक्षा शिंपी जास्त.

“सगळे लावतो,” तो म्हणाला. “एका दुपारीत मशीन दारात.”

बायकोने दोरा दाताने तोडला. “माझे अर्धे कपाटात राहू द्या. तुमच्या अर्ध्यांचं तुम्ही बघा. कापलेलं कापड परत अखंड होत नाही, हे गिऱ्हाइकांना तुम्हीच ऐकवता.”

शिंप्याने आपले अर्धे खिशात घातले. तो निघणार, एवढ्यात कीपर पँट न्यायला आला. पेशाने पोस्टमन, चाळिशी ओलांडलेला, पोटावर शर्ट ताणलेला. पँट हातात घेऊन तो घुटमळला.

“काका, एक विचारू? चारचौघांत फाटणार नाही ना? ही माझी शेवटचीच मॅच. पुढच्या वर्षी कोण घेतंय मला!”

“फाटली तर नाव बदलीन,” शिंपी सवयीने म्हणाला. हे तो प्रत्येकालाच म्हणायचा. पण आज बोलून गेल्यावर त्याला कसंसंच झालं. गडी निवृत्त व्हायला निघाला होता आणि आपला गुडघाही त्याच वाटेवर होता. त्याने पँट परत ओढून घेतली. “थांब जरा.”

आसनाला आतून जादा पट्टी लावून त्याने दुहेरी शिवण मारली. ज्याच्या हरण्यावर पैसे लावायचे त्याचीच पँट पक्की करत बसलोय, हे ध्यानात आलं तेव्हा त्याला हसू फुटलं.

घड्याळवाल्याने विचारलं, “बोला, किती?”

शिंप्याचा हात खिशातल्या पुडक्यावर होता. “एका ऑल्टरेशनचे.”

“बस? खबर पक्की म्हणत होतात ना!”

“खबर पक्कीच आहे. पण पँट मी शिवलीय. तिच्याविरुद्ध याहून जास्त लावायला हात धजत नाही.”

पुडकं बायकोसमोरच परत कपाटात गेलं. दुसऱ्या दिवशी नवराबायको मैदानाच्या कडेला उभे होते. समोरच्यांची शेवटची जोडी खेळत होती आणि जिंकायला त्यांना चारच धावा हव्या होत्या. चेंडू बॅटची कड घेऊन लांबून निघाला. कीपरने पाय फाकवून जे अंग झोकलं, ते थेट मातीत. सगळं मैदान त्याच्या हातमोज्यांकडे बघत होतं, शिंपी मात्र शिवणीकडे.

“झेल! झेल घेतला!” गुडघा विसरून तो उड्या मारायला लागला.

“अहो, तुम्ही हरलात!” बायको म्हणाली.

“माहीत आहे गं!” तो टाळ्या वाजवतच राहिला.

तिलाही हसू आवरेना. “उद्या मशीन बघून येऊ. निम्मे रोख देऊ, बाकी हप्त्यांनी.”

त्याने मान डोलावली, पण नजर मैदानावरच होती. कीपर चेंडू मुठीत धरून सावकाश परत येत होता. पांढरी पँट मातीने माखली होती, पण कुठेही उसवली नव्हती.