देवाचे पाच कोंब

पिंपळवंडीच्या प्रयागबाईंनी अ‍ॅस्परॅगसच्या वाफ्यातले पाच जाडजूड कोंब निवडले आणि त्यांना लाल दोरा बांधला. काकडी असो, दुधी असो, पहिलं फळ देवाचं. दोरा बांधला की घरातलं कुणी हात लावायचा नाही, ते चांगलं पोसू द्यायचं, ही त्यांच्या माहेरापासूनची रीत. शनिवारी सप्ताहाच्या कीर्तनकार महाराजांचं जेवण त्यांच्याकडे होतं. पानात पहिली भाजी ह्या कोंबांचीच वाढायची, हे त्यांचं ठरलेलं.

वाफा सुनेचा, वृषालीचा. शतावरीच्या ह्या विलायती बहिणीला तिनं दोन वर्षं सुरी लावली नव्हती. आधी मुळं बळावू देत म्हणून. गावानं तिला 'गवत राखणारी' म्हणून हिणवलं, तरी नाही. तिसऱ्या वर्षी कापायची वेळ आली आणि नेमकं वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. माहेरी मढला जाताना ती बजावून गेली, "आई, वीतभर झाले की कापा हं."

प्रयागबाईंनी मान डोलावली. पण देवाला वीतभरच द्यायचं? आणि देवाच्या आधी बाकीचं कापून आपण खायचं तरी कसं? रोज काकड आरतीहून परतताना त्या वाफ्याशी थांबत, हात जोडत. कोंब हातभर झाले, मग कमरेला लागले.

"पोसतंय, लई पोसतंय," त्या शेजारच्या साळुबाईला सांगत.

शनिवारी वृषाली सकाळच्या पहिल्या एस्टीनं आली आणि वाफ्यापाशीच थबकली. सगळ्या कोंबांना बडीशेपेसारखा पिसारा फुटला होता. लाल दोरे त्यात डुलत होते.

"आई, अहो, ही तर झाडं झाली! लाकूड झालंय ह्यांचं."

"आँ? शिजवून मऊ न्हाई व्हायचं?"

"कुकर फुटेल, पण हे शिजायचं नाही."

प्रयागबाई बांधावरच बसल्या. "दोन वर्सं तू राखलं, आन् चार दिसांत मी घालवलं गं. आता म्हाराजांना काय वाढू?"

"वाफ्याचं काही गेलं नाही, आई. ह्या पिसाऱ्यावरच मुळं पोसतात. आणि वाढायचंच तर..." वृषालीनं वाकून पिसारा बाजूला केला. रात्रीत नवे कोंब वर आले होते. बोटाएवढे. मोजून अकरा.

जिरं-मिरचीच्या फोडणीत ते पाच मिनिटांत शिजले. वरून दाण्याचा कूट. महाराजांच्या पानात भाजी कशीबशी दोन घास झाली.

"माउली, भाजी गोड आहे. पण वाढताना हात का आखडला?"

पंगत हसली. प्रयागबाईंनी मग घडलं ते सगळं सांगून टाकलं, दोऱ्यासकट.

महाराजांनी शेवटचा घास कपाळाला लावला. "म्हणजे मोठे देवापाशी राहिले, अन् मला प्रसाद मिळाला. मग माझी तक्रार कसली?"

दुसऱ्या दिवशी वृषाली दोरे सोडायला निघाली, तर सासूबाईंनी अडवलं. "ऱ्हाऊ दे. देवाचे हायेत, उभेच ऱ्हाऊ दे."

मग विळा घेऊन त्या स्वतः वाकल्या आणि वीत लावून लावून नव्यानं वर आलेले कोंब कापू लागल्या.

"आज आपुन खाऊ. मला अजून चवबी ठावी न्हाई."