चौथा गोफ

अपोलोनिया गेली तेव्हा कचेरीच्या खणात तिने विणलेले चार गोफ शिल्लक होते. जून उजाडेपर्यंत एकच उरला.

राजेसाहेबांच्या सहीच्या कागदाला लोंबती मोहोर लावायची तर रेशमी गोफ लागतो. तो चर्मपत्राच्या भोकांतून ओवायचा, टोकं चांदीच्या डबीत ठेवून वर मेण ओतायचं आणि मेणावर मोहोर उठवायची. एकोणीस वर्षं कागद कचेरीतला लेखनिक बार्थेल लिहीत होता आणि गोफ त्याची बायको अपोलोनिया विणत होती.

यंदा तहाचा कागद तीनदा परत आला. नदीपलीकडच्या राजाचा वकील, काउंट राबेनाउ, कसून पाहणारा माणूस. आधी त्याच्या राजाला 'बंधू' न म्हणता 'मित्र' म्हटलं म्हणून. मग त्याच्या राजाचं नाव राजेसाहेबांच्या नावापेक्षा गव्हाच्या दाण्याएवढं बुटकं आलं म्हणून. मग चांदीची डबी त्यांच्या डबीपेक्षा लहान म्हणून. परत आलेला कागद गोफासकट जाळायचा, असा नियम. तीन गोफ असे गेले.

आता हा शेवटचा. तह मान्य झाला तर तो कायमचा पलीकडच्या राजधानीत जाणार, नाही झाला तर शेगडीत.

"सरकार, बाजारात गोफ मिळतो," बार्थेल मंत्र्याला म्हणाला. "हा एवढा मला ठेवू द्या."

"राजेसाहेबांची मोहोर बाजारच्या दोरीला लटकवू?" मंत्री बॅरन श्टुर्मेक म्हणाला. "पडदा आहे का तो?"

बाहेर मेण वितळवत बसलेल्या योब्स्टने सगळं ऐकलं होतं. "तुझी बायको राजकारणात सापडली बघ," तो म्हणाला. "पण तू आपलं नीट लिही, बाबा. रविवारी युद्धबंदी संपते. माझा जावई सरहद्दीच्या पुलावर बंदूक घेऊन बसलाय."

बार्थेलने नीट लिहिलं. नव्वद वर्षांपूर्वी समुद्रात बुडालेल्या बेटाचा 'स्वामी' हा राजेसाहेबांचा किताबही गाळला नाही. गोफ देताना त्याने योब्स्टला एक टोक दाखवलं. तिथली वीण सैल होती.

"एवढं मेणात जाऊ दे."

योब्स्टने ते टोक डबीत खोल दाबलं आणि वर मेण ओतलं.

शनिवारी पुलावरच्या तंबूत कागदांची अदलाबदल ठरली. कोणी आधी बसायचं यावर दोन्ही बाजू तासभर उभ्या राहिल्या, म्हणून बार्थेलही उभा राहिला. मग काउंटने शब्द तपासले, भिंगातून अक्षरं पाहिली, डबी मोजली. चूक निघेना. शेवटी त्याने गोफ बोटांत धरला आणि स्वतःच्या कागदाचा गोफ शेजारी ठेवला.

"हा आमच्यापेक्षा सरस आहे."

"आभारी आहे," मंत्री म्हणाला.

"मी तक्रार करतोय, बॅरन. दोन्ही राजे बरोबरीचे. उद्या लोक म्हणतील, यांच्या राजाने भारी दिला आणि आमच्याने हलका."

कागद नव्याने लिहायचा तर सही हवी, आणि राजेसाहेब शिकारीला गेलेले. दुपार कलली तेव्हा तोडगा निघाला. तंबूच्या पडद्याच्या दोन दोऱ्या काढल्या, एक इकडच्या कागदाला, एक तिकडच्या. दोन्ही एका मापाच्या, एका पडद्याच्या. योब्स्टने मेण फोडून पुन्हा ओतलं आणि मोहोर उठवली, तिकडच्या माणसानेही तेच केलं. मंत्री तेवढा वेळ नदीकडे पाहत राहिला.

"आणि हा गोफ जाळा," तो म्हणाला.

"सरकार, परत आलेला कागद गोफासकट जाळायचा, असा नियम आहे," बार्थेल म्हणाला. "कागद परत आलेला नाही."

मंत्र्याने काउंटकडे पाहिलं.

"बरोबर आहे त्याचं," काउंट म्हणाला. दोन्ही दरबारांचं विनातक्रार एकमत झालं ते एवढंच.

घरी बार्थेलने पाव तसाच ठेवला आणि नखाने गोफावरचं मेण काढलं. सैल टोक मोकळं झालं. ते तिने फेब्रुवारीत विणलं होतं, हाताला कंप सुटल्यावर, आणि तीनदा उसवून पुन्हा विणलं होतं. काउंटला ते दिसलंच नव्हतं.

गोफ त्याने तिच्या शिवणाच्या टोपलीत ठेवला. मग पाव खाल्ला.