नीलमाच्या तीन रात्री

रविवार, १७ मार्च १९६३. सकाळी साडेनऊ वाजता शेणोली स्टेशनजवळच्या मळ्यात तोफखान्यातले निवृत्त हवालदार जोतीराम यांनी आपल्या मुलाच्या आवाजाची तबकडी लावली. पावणेदहाला ती निकामी झालेली होती. दुसरी प्रत नव्हती.

मुलगा जालिंदर शिपाई होता आणि चीनच्या युद्धात नोव्हेंबरपासून ईशान्येकडच्या नेफाच्या आघाडीवर बेपत्ता होता. पुढे जाण्याआधी त्याने कलकत्त्यातल्या एका दुकानात दोन मिनिटं बोलून ही तबकडी करून घेतली आणि पोस्टाने घरी पाठवली. ॲल्युमिनियमची चकती, तिच्यावर लाखेसारखा मऊ काळा थर आणि त्यात कोरलेला आवाज. सांगलीचे रेडिओ दुकानदार आप्पासाहेब यांनी ती दिवाळीनंतर दुकानात एकदा वाजवून दाखवली. ‘आई’ हा शब्द कानावर पडताच त्याची आई भामाबाई रडू लागल्या आणि पुढचं कुणालाच नीट ऐकू आलं नाही. सोबत वाईकडचा एक जण आहे असं जालिंदर म्हणाला, एवढं जोतीरामना आठवत होतं. नाव आठवत नव्हतं. तेव्हा त्या नावाचं काही कामही नव्हतं.

मार्चमध्ये ते काम पडलं. साताऱ्याच्या सैनिकांच्या कचेरीतून पत्र आलं. युद्धकैदी परत येतील तेव्हा चौकशी करता येईल. मुलाबरोबर कोण होतं, त्याचं नाव कळवा.

गुरुवारी जोतीराम सांगलीला गेले. आप्पासाहेबांनी बॅटरीवर चालणारं मशीन आठवडाभर वापरायला दिलं आणि सुई काढून दाखवली. केसासारखी बारीक पत्र्याची काडी, तिच्या टोकाला खडा. लोखंडी सुई असल्या तबकडीचं साल काढते, म्हणून ही.

“नीलम आहे तो, हवालदार,” ते म्हणाले. “तोफ भरल्यासारखा हात लावू नका.”

जोतीरामनी घरी हे कौतुकाने सांगितलं. भामाबाईंनी तबकडी पदराखाली घेतली. नीलम शनीचा खडा. तीन रात्री उशाखाली ठेवायचा, वाईट स्वप्न पडलं नाही तरच अंगाला लावायचा. त्यांच्या माहेरी अंगठीचा खडाही असाच पारखला होता.

“चिन्याला भ्याली न्हाईस, आन् खसखशीएवढ्या खड्याला भ्यालीस?” जोतीराम म्हणाले.

“आवं, तुमी हसा. मागं न पारखता लावला, आन् आठ दिसांत पोर बेपत्ता म्हनून तार आली.”

जोतीरामनीच सुई काढून दिली. भामाबाईंनी ती चिंधीत बांधली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, तिन्ही रात्री ती त्यांच्या उशाखाली होती.

रविवारी उठल्या उठल्या त्या म्हणाल्या, “सपनात आला हुता. जेवाय वाढ म्हनला. दगूड चांगला हाय.”

खडा शाबूत होता. काडी वाकली होती, पण नुसत्या डोळ्यांना दिसेल इतकी नाही. जोतीरामनी सुई बसवली. या वेळी भामाबाई रडल्या नाहीत. त्यांनी तोंडात पदर धरला होता. आई, मी जालिंदर. थंडी लय हाय. माज्यासंगं वाईकडचा... इथे सुई घसरली. पुन्हा लावली, पुन्हा तिथेच घसरली. वजनाने बसेल म्हणून जोतीरामनी मशीनच्या दांडीवर तांब्याचा एक जुना पैसा ठेवला. काडीची कड थरात रुतली आणि काळं साल सुतासारखं वर आलं. त्यांनी दांडी उचलली तेव्हा नावाच्या जागी पांढरा धातू दिसत होता.

सोमवारी आप्पासाहेबांनी भिंगातून सुई पाहिली. खडा ठीक, काडी वाकडी, असं सांगितलं. पैशाचं जोतीराम त्यांना बोलले नाहीत.

घरी भामाबाईंनी एवढंच विचारलं, “दगूड चांगला हुता न्हवं?”

“व्हय,” जोतीराम म्हणाले.

कचेरीने नावाशिवाय चौकशी होणार नाही असं कळवलं. एप्रिल आणि मे महिन्यांत जोतीराम चार वेळा वाईला जाऊन आले. त्या बाजूचे तीन जवान कैदेत होते. त्यांतले दोघे परतले. त्यांनी जालिंदरला पाहिलेलं नव्हतं. तिसऱ्याच्या आईकडे जोतीरामनी आपला पत्ता लिहून ठेवला. ३१ मेपर्यंत तो जवान घरी पोचला नव्हता.