काचेतलं पाणी

घरात सगळ्यांत लहान म्हणून त्याला ‘धाकटा’ म्हणायला लागले, ते अडुसष्टाव्या वर्षापर्यंत तसंच राहिलं. डोक्यावर केस उरले नाहीत, बायको देवाघरी गेली, मुली आपापल्या संसाराला लागल्या, तरी जुन्या ओळखीचे लोक अजून विचारत, “काय धाकटे, बरंय ना?” आणि तो हसून मान डोलवी. हे नाव ज्याच्यामुळे पडलं, त्या थोरल्या भावाचं तोंड मात्र त्याने सव्वीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

दोघे भाऊ कापड रंगवण्याच्या कारखान्यात बॉयलरवर होते. दादा मुख्य चालक, धाकटा त्याच्या हाताखाली. बॉयलरच्या अंगाला काचेची एक उभी नळी असते, तिच्यात आतल्या पाण्याची पातळी दिसते. नळीत क्षार साचले तर ती खोटी पातळी दाखवते. म्हणून दर तासाला खालची तोटी सोडून नळी रिकामी करायची, पाणी पुन्हा वर चढलेलं डोळ्यांनी बघायचं आणि मगच वहीत आकडा लिहायचा. दादाने हे त्याला शंभरदा शिकवलं होतं. धाकट्याला त्याचा कंटाळा येई. तो दुपारच्या पाळीला आला की पहिल्याच तासात आठही तासांचे आकडे लिहून मोकळा होई.

एका दुपारी काचेत अर्धी नळी पाणी दिसत होतं आणि बॉयलर कोरडा पडत चालला होता. आतली एक लोखंडी नळी तापून फुटली. वाफेने खोली भरून गेली. धाकटा बाहेर पळाला. शेजारच्या खोलीतून दादा आत धावला आणि उघड्या हाताने वाफेची मुख्य झडप बंद केली. माणसं वाचली. दादाचा उजवा तळवा भाजला, आणि तीन बोटं कायमची आखडली.

चौकशी झाली तेव्हा धाकट्याची बायको दुसऱ्यांदा पोटुशी होती. साहेबांनी विचारलं, नळी तपासली का नाही? धाकट्याच्या तोंडून निघून गेलं, “दादा म्हणाला होता, कालच साफ केलीय, आज राहू दे.” दादा समोरच्या बाकावर बसला होता. हाताला पट्टी होती. त्याने धाकट्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. साहेबांनी त्याला दोनदा विचारलं, हे खरं आहे का? तो काहीच बोलला नाही.

दादाची नोकरी गेली, बॉयलर चालवण्याचा परवाना गेला. पुढे तो एका गोदामाच्या फाटकावर पहारेकरी म्हणून उभा राहायचा. धाकट्याला दादाची जागा मिळाली. सुरुवातीला दादा दोन-तीनदा भेटायला आला, तेव्हा धाकट्याने बायकोला सांगायला लावलं, घरी नाहीत. मग दादा यायचा थांबला. दोघे लहानपणापासून ज्या चर्चमध्ये जात, ते धाकट्याने सोडलं आणि गावाच्या दुसऱ्या टोकाच्या चर्चमध्ये जाऊ लागला.

प्रार्थना मात्र त्याने कधी चुकवली नाही. रोज सकाळी गुडघे टेकून देवाकडे क्षमा मागायचा, कितीदा रडायचाही. उठला की छातीवरचं ओझं जिथल्या तिथे.

मागच्या वर्षी त्याला हृदयविकाराचा झटका येऊन गेला. नवे पाळक घरी भेटायला आले. वयाने त्याच्या मुलीएवढे होते. त्यांच्यापाशी त्याने पहिल्यांदा सगळं सांगितलं आणि म्हणाला, “देव माझं ऐकतच नाही, पाळकसाहेब.”

पाळक म्हणाले, “देवाने ख्रिस्तात केव्हाच हात पुढे केलाय, काका. तुम्ही रोज त्याच्या दाराशी जाता आणि तो तुम्हाला भावाकडे पाठवतो. तुम्ही तेवढंच सोडून बाकी सगळं करता.”

धाकट्याला राग आला. चार दिवस तो त्या रागातच होता. पाचव्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून दादाच्या घरी गेला.

दार वहिनींनी उघडलं. त्यांनी त्याला ओळखलं. “या” म्हणाल्या नाहीत, पण दार लोटूनही घेतलं नाही. तशाच आत वळल्या, म्हणून तो त्यांच्यामागे गेला.

दादा खिडकीपाशी खुर्चीत बसून स्वेटरचं एकच बटण लावत होता आणि काढत होता. अंगाने अर्धा झाला होता. धाकटा पुढे जाऊन उभा राहिला तसं त्याने वर पाहिलं आणि फार अदबीने विचारलं, “किती वाजले हो? दोनची पाळी लागली का?”

“चार वर्षं झाली, सगळं विसरत चाललेत,” वहिनी मागून म्हणाल्या. “मलाही कधी ओळखतात, कधी नाही.”

धाकटा खुर्चीसमोर खालीच बसला. बसमध्ये मनाशी घोकलेलं सगळं विसरून गेला. “दादा, मी आहे,” एवढंच म्हणाला. “मी खोटं बोललो होतो. तू मला काहीच सांगितलं नव्हतंस. नळी मीच बघितली नव्हती.”

दादाने आखडलेला हात उचलून त्याच्या टकलावर ठेवला.

“रडू नका,” दादा म्हणाला. “कोण रागावलं तुम्हाला? माझा भाऊ आहे ना बॉयलरवर, त्याला भेटा. जरा कंटाळा करतो, पण मनाने चांगला आहे हो. त्याला म्हणावं, दादाने सांगितलंय, काचेवर विसंबू नको.”

दादाला ती दुपार आणि ती चौकशी आठवतच नव्हती. त्याच्या लेखी धाकट्याने अजून काही केलंच नव्हतं. मग माफी मागायची तरी कशाची, आणि ती मिळणार कोणाकडून?

वहिनींनी धाकट्याला स्वयंपाकघरात बोलावलं. पाणी दिलं नाही.

“त्यांनी तुम्हाला तेव्हाच माफ केलं होतं, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “चौकशीहून आल्यावर मी भांडले, जाऊन खरं सांगा म्हणाले. तर म्हणतात, त्याची बायको दिवसांतली आहे. मीही घरात लहान पोर घेऊन बसले होते, ते नाही दिसलं त्यांना. मी नाही माफ केलं. दर रविवारी प्रभूच्या प्रार्थनेत ‘जशी आम्ही इतरांना क्षमा करतो तशी आम्हाला कर’ ही ओळ आली की मी तोंड मिटते. शेजारी बसणाऱ्यांना वाटतं, मला दम लागतो.”

तो म्हणाला, “वहिनी, तुमचीही...”

“माझी नका मागू माफी. पोराला जाऊन सांगा. शाळेत त्याला पोरं चिडवायची, तुझ्या बापाने बॉयलर फोडला. एकोणिसाव्या वर्षी घर सोडून गेला तो. वर्षाकाठी एकदा येतो, तासभर टेकतो आणि जातो.”

पुतण्या चार तासांच्या अंतरावर लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. धाकटा दुसऱ्याच दिवशी बसने गेला. एका इमारतीच्या तळमजल्यावर हाताचं ग्रीस पुसत पुतण्या उभा होता. त्याने आधी काकाला ओळखलं नाही. ओळखल्यावर, दादाचं काही बरंवाईट झालं असं वाटून त्याचा चेहरा उतरला. धाकट्याने त्याला जिन्याच्या पायरीवर बसवलं आणि काही न लपवता सांगितलं.

पुतण्या कितीतरी वेळ हातातलं फडकं पिळत राहिला.

“मी बाबांना एकदा विचारलं होतं,” तो शेवटी म्हणाला. “ते म्हणाले, चूक माझीच होती. मी म्हटलं, मग मला तुमचं नाव लावायची लाज वाटते. असं तोंडावर म्हणालो त्यांना.” त्याने फडकं पायरीवर टाकलं. “तुम्ही जा, काका. माझ्या हातून काहीतरी होईल, त्याआधी जा.”

त्या रविवारी पुतण्या आईकडे आला. दिवसभर बापाजवळ बसला. बापाने त्याला दोनदा विचारलं, तुम्ही लांबून आलात का? धाकट्याला हे नंतर वहिनींकडून कळलं. आपण एक नोकरी हिरावली असं त्याला इतकी वर्षं वाटत होतं. खरं काय हिरावलं होतं, ते त्या दिवशी समजलं.

पंधरा दिवसांनी वहिनींनी फोन केला. आवाज कोरडाच होता. त्यांना दादाची दाढी करायला जमत नाही, आणि परक्याला तो जवळ येऊ देत नाही, तेव्हा गुरुवारी येणं होईल का? धाकटा गेला आणि पुढे दर गुरुवारी जात राहिला. दादा त्याला न्हावी समजायचा आणि “बायकामुलं बरी आहेत ना?” असं विचारायचा. धाकटा हनुवटी धरून हळूहळू वस्तरा चालवायचा. तिसऱ्या महिन्यात वहिनींनी न विचारता त्याच्यापुढे चहा ठेवला. साखर घालायला विसरल्या होत्या की घातली नव्हती, कोण जाणे. तो मुकाट्याने प्यायला.

हिवाळा सरता सरता एका सकाळी दादा खुर्चीतच गेला.

दफनाआधी चर्चमध्ये पाळकांच्या परवानगीने धाकटा उभा राहिला. कारखान्यातले पाच-सात म्हातारे मागच्या बाकांवर होते. त्यांच्याकडे बघत त्याने सांगितलं, की बॉयलर माझ्या हयगयीने फुटला, मी दोष भावावर ढकलला, आणि तो मला वाचवायला गप्प राहिला. मग तो खाली बसला. एक म्हातारा उठून सरळ बाहेर निघून गेला. वहिनींनी मान वर केली नाही.

माती देऊन झाल्यावर लोक पांगले. वहिनी नातेवाइकांच्या घोळक्यात गाडीत बसल्या. बसण्याआधी त्याच्याकडे वळून म्हणाल्या, “सकाळपासून उपाशी असाल. घरी जाऊन काहीतरी खाऊन घ्या.” त्याला घरी या असं त्या म्हणाल्या नाहीत.

तो एकटाच थांब्याकडे चालू लागला. थोड्या वेळाने मागून पावलं वाजली. पुतण्या होता. तो त्याच्या बरोबरीने चालू लागला, दोघांत हातभर अंतर ठेवून. दोघे थांब्यावर आले. बस यायला वीसेक मिनिटं लागली. तोवर तो खिशात हात घालून रस्त्याकडे बघत उभा राहिला. बस आली. तिची पायरी उंच होती. पुतण्याने काकाला कोपराला धरून वर चढवलं आणि हात सोडला.