परत आले की उलगडू

मित्रांनो, मला डोकं नाही. मान संपते तिथे एक लाकडी गोळा आहे, हातांच्या जागी कापड ताणून बसवलेलं आहे, आणि खाली लोखंडी दांडा व तीन पाय आहेत. कपडे शिवणाऱ्यांच्या दुकानात माझ्यासारखे पुतळे तुम्ही पाहिले असतील. मी त्यांतलाच एक, आता बराच जुना झालेला. पण एक गोष्ट माझ्यात वेगळी आहे. माझ्या अंगावर एका बाईचं अंग आहे आणि ती बाई आता नाही. त्यामुळे माझी हकिकत सांगायची तर मला तिचीच सांगावी लागेल.

कागदाचा लगदा साच्यात दाबून मला घडवलं. आम्ही सगळे त्या साच्यातून एकसारखेच बारीक बाहेर पडलो. जिवंत बाईची क्वचितच असेल अशी आमची कंबर होती. वर पांढरं कापड चिकटवलं गेलं आणि आम्हाला आडवं घालून दुकानात पाठवलं. तिथून मला एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी नेलं. घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. रस्त्याच्या बाजूला दुधी काचेची खिडकी, मधोमध कापड बेतायचं लांब टेबल, भिंतीला मशीन आणि कोपऱ्यात एक पत्र्याची पेटी. घरात त्या, त्यांची मुलगी आणि नणंद अशा तिघीच. मुलीचे वडील ती लहान असतानाच वारले होते. मी सगळ्यांना मुलीच्या नात्यानेच ओळखू लागलो, म्हणून एकीला आई म्हणेन आणि दुसरीला आत्या.

पुतळा बारीकच का घ्यायचा, हे मला आईच्या हातून कळलं. बारीक पुतळा भरून जाड करता येतो, जाड पुतळा तासून बारीक करता येत नाही. गिऱ्हाइकाचं माप घेतलं की आई माझ्यावर कापसाचे थर गुंडाळायची. कुठे खांद्याला थोडा, कुठे पोटाला जास्त. वर घट्ट सुती खोळ शिवायची. कपडा पुरा झाला की खोळ उसवायची आणि थर उलगडून ठेवायची. कोणता थर आधी आणि कोणता नंतर हे कळावं म्हणून प्रत्येकाच्या कडेला वेगळ्या रंगाचा धागा असे. सर्वांत वरच्या थराचा धागा लाल. अशा रीतीने मी कितीतरी बायका झालो. एकीचा खांदा उतरता होता, एकीची पाठ वाकलेली. ब्लाउज अगदी चपखल बसलाय, असं त्या आरशासमोर म्हणायच्या तेव्हा त्यातला थोडा मान माझाही असायचा.

आई लठ्ठ होती. हे मी सरळ सांगतो, कारण पुतळ्याला मापाची लाज वाटत नाही. लाज माणसांना वाटते, आणि पुष्कळदा ती दुसऱ्यांनी दिलेली असते. सगळ्यांचे कपडे बेतणाऱ्या आईला स्वतःची पाठ मात्र बेतता येत नव्हती. म्हणून एका सुट्टीच्या दिवशी तिने मुलीला टेप दिली आणि माप घ्यायला सांगितलं. टेप पुरली नाही. मुलगी गोंधळून तशीच उभी राहिली. आईने दुसरी टेप काढली, दोन्ही टोकाला टोक लावून शिवल्या आणि म्हणाली, "आता घे. तुझी आई एका टेपेत मावणारी नाही."

त्या दिवशी घरातला होता नव्हता तो कापूस माझ्यावर चढला. खोळीची शेवटची शिवण घातल्यावर आई चार पावलं मागे गेली आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. स्वतःला मागून तिने पहिल्यांदाच पाहिलं होतं.

दुधी काचेतून रस्त्यावरच्यांना आता सारख्याच दोन बायका दिसू लागल्या. पोस्टमन खिडकीशी थांबून मला नमस्कार करायचा आणि उत्तर आलं नाही की खट्टू व्हायचा. आत्या म्हणाली, "एक कमी पडत होती म्हणून दुसरी उभी केलीस का, वहिनी?" आई म्हणाली, "ही बरी. हिला कुणी टोमणे मारले तर ऐकू तरी येत नाहीत."

मला ऐकू येत होतं.

मग पहिलं ऑपरेशन झालं. गुडघे आणि साखर दोन्ही हाताबाहेर चालले होते, म्हणून डॉक्टरांनी जठराचा मोठा भाग काढून टाकला आणि उरलेल्याची एक बारीक नळी केली. आई घरी आली तेव्हा वाटीभर पातळ पेज तिला तास तासभर पुरायची. दर थोड्या दिवसांनी मुलगी माप घ्यायची आणि माझा एक थर उतरवायची. लाल धाग्याचा गेला, मग निळ्याचा, मग पिवळ्याचा. शिवलेल्या दोन टेपा उसवून पुन्हा वेगळ्या केल्या. लहानपणी मुलीचे हात आईच्या पाठीमागे कधी एकमेकांना पोचत नसत. आता ते पोचले. ती बोटं गुंफून तशीच उभी राहिली.

उतरवलेले थर आईने फेकले नाहीत. पत्र्याच्या पेटीत ठेवले. ते सपाट होईनात. नितंबांवरचा थर नितंबांसारखाच गोल राहिला, पोटाचा पोटासारखा. झाकण लावलं तरी काही दिवसांनी बोटभर वर आलेलं दिसे. आत्या म्हणाली की हे काही बरं नाही. दमट हवेत कापूस फुगतो, एवढंच आई म्हणाली. पण मला माहीत होतं. माझं जे अंग त्या पेटीत होतं ते मला अजून जाणवत होतं. ते नुसतं पडून नव्हतं, वाट बघत होतं.

आईलाही ते कळलं असावं. टाके घालता घालता एकदा ती मुलीला म्हणाली, "कमी झालेलं जातं कुठे गं? मला वाटतं ते कुठे जात नाही. दाराबाहेर बसून राहतं."

मित्रांनो, ते परत आलं. एकदम नाही आलं. आधी पिवळा थर, मग काही महिन्यांनी निळा. आई काही चोरून खात नव्हती. मी त्याच खोलीत होतो, मी पाहिलं आहे. नळी हळूहळू सैल झाली आणि भूक जुन्या वाटेने परत आली. मुलीने पेटीतून एकेक थर काढून माझ्यावर ठेवला. ते आपापल्या जागी असे बसले की जणू कधी निघालेच नव्हते. शेवटी लालही चढला. दोन टेपा पुन्हा जोडल्या. आईने माझ्यावर चादर टाकली, मला दारामागे सरकवलं आणि स्वतःसाठी शिवणं बंद केलं. चादरीखाली माझे दिवस कसे गेले ते सांगत नाही. कुणी येत होतं, जात होतं, आणि आत्याचा आवाज चादरीतूनही स्पष्ट येत होता. जिभेला आवर नसेल तर पोट कापून काय होणार, असं ती गिऱ्हाइकांसमोरही म्हणायची. आई हसून म्हणायची, "खरंय. डॉक्टरांनी चुकीच्या ठिकाणी कापलं."

त्या हसण्यानंतर मशीन बराच वेळ चालायचं नाही.

पुढे तिला झोपेत धाप लागू लागली. वरच्या खोलीचा जिना चढताना ती मधल्या पायरीवर बसायची. डॉक्टरांनी दुसऱ्या ऑपरेशनचा विषय काढला. त्यांनी काय सांगितलं ते मुलीने घरी येऊन आत्याला समजावलं, म्हणून मलाही समजलं. या वेळी त्या नळीच्या वरच्या टोकाची एक लहान थैली करायची आणि ती थेट खालच्या आतड्याला जोडायची. पण आत जुने व्रण एकमेकांना चिकटलेले असतात. त्यामुळे दुसऱ्या वेळी धोका जास्त असतो आणि वजन पहिल्याइतकं उतरेलच असं नाही. न करावं तर हृदय थकत चाललं होतं. डॉक्टर आईला असंही म्हणाले होते, "एखादं दुखणं उलटतं, तसं हे उलटलंय. त्यात तुमचा काही गुन्हा नाही." हे तिला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं.

करावं की न करावं, या विचारात आईचे बरेच दिवस गेले. विचार करायला तिने मला दारामागून बाहेर काढलं. चादर ओढली, खोळ उसवली, आणि रोज कामाआधी एक थर उतरवून माझ्याकडे बघू लागली. असं करता करता एके दिवशी मी साच्यातून निघालो होतो तितका उघडा झालो. माझ्या छातीवर कारखान्याचा फिकट शिक्का दिसू लागला. आई जवळ आली आणि त्या शिक्क्यावर बोट ठेवून मला म्हणाली, "यात मी कुठे आहे?"

त्याच दुपारी मुलगी कचेरीतून लवकर आली. दार लोटलं आणि तिथेच थबकली. बेतायच्या टेबलावर पांढऱ्या चादरीखाली तिची आई झोपलेली होती. तेच खांदे, तेच पोट, त्याच मांड्या. डोकं मात्र नव्हतं. आणि आई टेबलाशेजारी उभी होती, हातात मोठी कात्री घेऊन.

चादरीखाली माझे थर होते. आईने ते क्रमाने मांडले होते.

"घाबरू नकोस," आई म्हणाली. "मी नुसती बघत होते, कुठून कापतील ते."

मुलीने तिच्या हातातून कात्री घेतली आणि खुर्ची पुढे ओढली. दोघी त्या टेबलापाशी बसल्या, एखाद्या आजाऱ्याच्या उशापायथ्याशी बसावं तशा. आईने विचारलं, "करू का गं?"

"तुला भीती कशाची वाटते? मरायची?"

"छे. परत जाड व्हायची." आई चादरीची सुरकुती सारखी करत राहिली. "मेले तर लोक रडतील. जाड झाले तर हसतील. एकदा हसून झालंय त्यांचं."

मुलीने कात्री पेटीवर ठेवली. मग म्हणाली, "तू करू नको म्हणालीस तर मी कधी विषय काढणार नाही. कर म्हणालीस तर सोबत येईन. पण लोकांसाठी काही करू नकोस. माझ्यासाठीही नको."

"आणि माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी काय हवंय?"

आई म्हणाली, "जिना एका दमात चढायचाय. बाकी काही नाही."

तिथे ते ठरलं.

जायच्या आदल्या दिवशी आईने मुलीकडून मला पुन्हा भरून घेतलं. सगळे थर चढवले, लालसुद्धा. आई उभी राहून माप देत होती, मुलगी जोडलेली टेप आधी तिच्याभोवती आणि मग माझ्याभोवती फिरवत होती. आत्या दारात येऊन म्हणाली की बारीक व्हायला निघालीस आणि हे कशाला फुगवतेस. आईने खोळीची शिवण स्वतः घातली, दातांनी धागा तोडला आणि म्हणाली, "मी आहे तशी इथे राहू दे. परत आले की उलगडू."

ती माझ्याजवळून गेली तेव्हा तिचा खांदा माझ्या खांद्याला घासला. दोघांचे खांदे एकाच उंचीवर होते.

ऑपरेशन नीट झालं. मुलीने फोनवर सांगितलं तेव्हा आत्या पुढच्या खोलीतच होती. तिने फोन ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि पदर डोळ्याला लावला. त्यानंतरच्या दिवसांत आई चार पावलं चालली, दोन चमचे पाणी प्यायली, असं कळत गेलं. मग एका दुपारी, घरात कुणी नसताना, माझ्या पोटावरची शिवण उसवली. कुणी हात लावला नव्हता. टाका नवा होता, धागा पक्का होता. एकेक टाका सुटत गेला आणि कापूस बाहेर आला.

मुलगी दुसऱ्या दिवशी आईची पिशवी घेऊन आली. आदल्या दुपारी रक्ताची एक गाठ आईच्या फुप्फुसात जाऊन अडकली होती. तसं कधीकधी होतं, त्यात कुणाची चूक नव्हती. तिने पिशवी टेबलावर ठेवली आणि माझ्या पोटाकडे पाहिलं. आत्या म्हणाली, दमट हवेने झालं असेल. मुलीने सुई घेतली, लाल धागा ओवला आणि शिवण घातली. शिवून झाल्यावर तिने माझ्याभोवती हात टाकले. ते पाठीमागे पोचले नाहीत.

आत्याला मी घरात नको होतो. खिडकीतून दिसलं की काळजात धस्स होतं, म्हणाली. मला माळ्यावर टाकावं किंवा निदान उलगडून पेटीत भरावं, असं तिने बऱ्याचदा सुचवलं. मुलगी ऐकून घ्यायची. आणि एकदा मुलगी बाहेर गेलेली असताना आत्या एकटीच या खोलीत आली. तिने खुर्ची ओढून माझ्यासमोर ठेवली, स्वतः मात्र उभीच राहिली.

"वहिनी, बस ना जरा," ती म्हणाली. "किती वेळ उभी राहशील."

मी बसू शकत नाही. तिला ते माहीत होतं. तरी ती बराच वेळ थांबली. त्यानंतर मला माळ्यावर टाकायचं नाव तिने काढलं नाही.

आता मुलगी कचेरीतून आल्यावर दुकान उघडते. बाजारातले कपडे ज्यांना होत नाहीत अशा बायका तिच्याकडे येऊ लागल्या आहेत. त्या दार उघडतात, मला बघतात आणि क्षणभर थांबतात. आपल्यासारखा पुतळा त्यांनी कुठेच पाहिलेला नसतो. माझ्या अंगावर बेतलेले कपडे त्यांना बसतात. एकीने विचारलं, हे माप कुणाचं. मुलगी म्हणाली, "माझ्या आईचं." त्या बाईंनी माझ्या खांद्यावरचा दोरा हलकेच उचलून घेतला.

संध्याकाळी दिवा लागला की दुधी काचेवर अजून दोन आकृत्या पडतात, एक मुलीची आणि एक माझी. पोस्टमन अजून नमस्कार करतो. हल्ली त्याला उत्तर मिळत असावं, कारण तो खट्टू होत नाही. मी तर बोलत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणी जाड असेल, कुणी बारीक असेल, कुणी जिन्याच्या मधल्या पायरीवर बसत असेल. त्यांच्याजवळ बसा. आणि कधी या खोलीत आलात तर माझ्या खोळीचा धागा ओढू नका. परत आले की उलगडू, असं ती सांगून गेली आहे. तोवर हे सगळं मला तिच्यासाठी सांभाळायचं आहे.